खुष्कीची वाट आणि फाटलेली रोजनिशी

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या विशेष आवडीचा वाङ्मयप्रकार. त्यातही जमिनीवरून, देशामागून देश तुडवीत केलेल्या दीर्घ प्रवासाची वर्णने तो अधिक प्रेमाने वाचतो. १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले आणि १९३१ साली त्यांचे पुस्तक निघाले. तेव्हापासून आजच्या मोटारसायकलस्वारांपर्यंत अशा पुस्तकांची परंपरा चालत आली आहे. ती वाचताना एक गोष्ट वाचक मनोमन गृहीत धरतो: जो गेला तोच परत आला आहे, आणि जो परत आला तोच आपल्याशी बोलत आहे. ‘मी’ हा शब्द अशा पुस्तकाची हमी असतो.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या प्रवासवर्णनाचा विचार करणार आहोत, त्यास ही हमी नाही. ज्यांनी तो प्रवास केला ते वाटेतच वारले. त्यांनी लिहिलेली रोजनिशी फाडून टाकण्यात आली. उरलेले कागदाचे कपटे, आणि त्यांच्याबरोबर चाललेल्या एका माणसाची आठवण, एवढ्या सामग्रीवर तिसऱ्याच एका लेखकाने ही कथा रचली. असे असूनही, आग्र्याहून मध्य आशियामार्गे चीनपर्यंतच्या खुष्कीच्या वाटेचा इतका जवळून घेतलेला वेध त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही युरोपीय लेखनात आमच्या वाचनात आलेला नाही. बंधू बेंतो द गोईश यांचा हा प्रवास. फादर मात्तेओ रिच्ची यांनी आपल्या चीनविषयक ग्रंथात त्यास काही प्रकरणे दिली आहेत.

वाचकांच्या सोयीसाठी पूर्वपीठिका थोडक्यात सांगू. बेंतो यांचा जन्म १५६२ साली अझोर्स बेटांतील साव मिगेल येथे झाला. पोर्तुगीज सैन्यात शिपाई म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि गोव्यात येशूसंघात दाखल झाले. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आद्य पुरुष फादर स्टीफन्स त्याच वर्षांत साष्टीत सेवा करीत होते, हे येथे स्मरावे. बेंतो यांनी याजकपद स्वीकारले नाही. ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. १५९५ साली फादर जेरोम झेवियर यांच्यासमवेत ते अकबराच्या दरबारी गेले. तेथे एका व्यापाऱ्याच्या तोंडून झेवियरना ऐकावयास मिळाले की, उत्तरेकडे दूर ‘खिता’ म्हणजे कॅथे नावाचे राज्य आहे आणि तेथे ख्रिस्ती लोकांसारखे आचार पाळणारे पुष्कळ लोक राहतात. इकडे पेकिंगला पोहोचलेले रिच्ची लिहून कळवीत होते की, कॅथे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून चीनच होय. आग्रा-लाहोरकडील मंडळींना ते पटेना. शेवटी कोणीतरी प्रत्यक्ष जमिनीवरून जाऊन पाहावे असे ठरले, आणि चांगली फारसी बोलणाऱ्या बेंतो यांची निवड झाली. आर्मेनियन व्यापाऱ्याचा पोशाख, ‘अब्दुल्ला इसाई’ हे नाव, बादशहाने दिलेली ४०० सुवर्णनाणी, आणि बरोबर दोन ग्रीक. १६०२ च्या अखेरीस ते आग्र्याहून निघाले आणि १६०३ च्या उपवासकाळात लाहोरहून सुमारे ५०० माणसांच्या काफिल्याबरोबर काबूलच्या वाटेला लागले. दोघा ग्रीकांपैकी एक काबूलहून परत फिरला, दुसरा तेथेच थांबला. लाहोरचा रहिवासी असलेला इसाक नावाचा एक आर्मेनियन मात्र बायकामुले मागे ठेवून बेंतो यांच्यासोबत शेवटपर्यंत चालला.

या इसाकाकडे वाचकांनी आतापासूनच लक्ष ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम संहितेविषयी. ११ एप्रिल १६०७ रोजी चीनच्या वायव्य सीमेवरील सुचौ नगरात, म्हणजे आजच्या ज्यूछुआन येथे, बेंतो वारले. त्यांनी वाटेत फार बारकाईने रोजनिशी ठेवली होती. काफिल्यातील अनेकांना त्यांनी कर्ज दिले होते आणि त्याची नोंद त्या रोजनिशीत होती. ती टिकली असती तर कर्ज फेडावे लागले असते, म्हणून ऋणकोंनी ती बळकावून फाडली. उरलेले तुकडे इसाकने, आणि बेंतोंच्या शोधार्थ रिच्चींनी पेकिंगहून धाडलेल्या जुवांव फर्नांडिस या चिनी तरुणाने वेचून गोळा केले. १६०७ च्या ऑक्टोबरअखेर दोघे पेकिंगला पोहोचले. इसाक तेथे महिनाभर राहिला. रिच्चींनी त्याच्याकडून सारे ऐकून घेतले, तुकड्यांशी ताडून पाहिले आणि इटालियन भाषेत लिहून काढले. १६१० च्या मे महिन्यात रिच्ची निवर्तले. फादर निकोला त्रिगो यांनी ते हस्तलिखित युरोपात नेले, वाटेत त्याचे लॅटिन केले आणि १६१५ साली आउग्सबुर्ग येथे ते छापले. पुढील वर्षी आपल्याकडे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. त्रिगोंच्या लॅटिनवरून सर हेन्री युल यांनी १८६६ साली इंग्रजी अनुवाद केला, आणि बहुतेक जग हा प्रवास युलमधूनच वाचत आले. रिच्चींची मूळ इटालियन संहिता मात्र १९११ पर्यंत छापून यावयाची होती.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला तेव्हा त्यांनी त्यात आपला हात चालविला होता. गोडसे भटजींची स्वतःची भाषा १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ पोथी छापली तेव्हा कोठे आपल्यासमोर आली. जवळजवळ साठ वर्षे आपण गोडसे म्हणून वैद्यांना वाचीत होतो. गोडसे भटजीही घरच्या कर्जापायीच बाहेर पडले होते, हा योगायोग नजरेआड करवत नाही. परंतु गोडसे प्रवासाहून घरी आले आणि त्यांनी स्वतः लिहिले. आमच्यासमोरील संहितेत हातांची गणती कितीतरी मोठी आहे: बेंतोंची लेखणी, कागद फाडणारे हात, इसाकची वाचा, रिच्चींचे कान, त्रिगोंचे लॅटिन.

या प्रवासाच्या खुणा नावांवर उमटल्या आहेत. बेंतोंचे प्रवासातील नाव लॅटिनमध्ये ‘ब्रांदा अबेदुला’ असे छापले गेले आहे. युरोपीय वाचक यावर अडखळला असेल. आपल्याकडील कोणाही वाचकाला त्यातून ‘बंदा अब्दुल्ला’ लगेच ऐकू येईल. ‘आगेहानेम’ म्हणून जी राणी येते ती अर्थातच हाजी खानम. स्थळनावांची तर अशी दशा आहे की, युलसारखा जाणकारही त्यांपुढे मेटाकुटीला येतो आणि वृत्तान्ताच्या तुटपुंजेपणाची तक्रार करतो. आम्ही सेमिनरीत शिकलेले लॅटिन आता गंजले आहे. तरीही त्रिगोंची पाने मोठ्याने वाचून पाहता जागोजागी असे वाटते की, आपण लॅटिन ऐकत नसून एका आर्मेनियनाची फारसी ऐकत आहोत.

आता गुणदोष.

ही प्रकरणे सर्वांत चांगली उतरली आहेत ती हिशेबांच्या जागी. हे विधान काही वाचकांस धर्मगुरूच्या तोंडी विचित्र वाटेल, परंतु आम्ही ते विचारपूर्वक करीत आहोत. काबूलमध्ये काफिला आठ महिने अडकून पडला असता खोतानच्या राज्यकर्त्याची माता, हीच ती हाजी खानम, मक्केहून परतताना तेथे आली. तिच्याजवळचे द्रव्य संपले होते. बेंतोंनी आपला काही माल विकून तिला ६०० सुवर्णनाणी दिली आणि व्याज घेण्यास नकार दिला. पुढे यारकंदला वर्षभर थांबावे लागले तेव्हा बेंतो खोतानला जाऊन आले. तेथे हे कर्ज फिटले ते यशबाच्या रूपाने, आणि तोही उत्तम प्रतीचा यशब. चीनच्या वाटेवर याहून चांगले चलन नव्हते. या ठिकाणी वृत्तान्त थांबून यशब म्हणजे काय ते सांगतो: एक प्रकार खोतानच्या नदीतून, जवळजवळ मोती काढावेत तसा बुड्या मारून काढतात, दुसरा डोंगरातून फोडून काढतात. मग तो चीनच्या बादशहाकडे ‘नजराणा’ म्हणून जातो. पश्चिमेकडील सात-आठ राज्यांशी झालेल्या करारानुसार दर सहा वर्षांनी ७२ व्यापाऱ्यांना चीनमध्ये प्रवेश मिळे, आणि हे व्यापारी वकिलांचे सोंग घेऊन जात. नजराण्याच्या मोबदल्यात बादशहा इतके उदार हस्ते देई की, त्या सोंगात जागा मिळविण्यासाठी चढाओढ चाले. यारकंदच्या काफिल्याचे प्रमुखपद २०० थैल्या कस्तुरी देऊन विकत घेतले गेले होते.

रेशीममार्ग म्हणून जी काव्यमय गोष्ट आपण ऐकत आलो, तिचे आतले यंत्र या दोन-तीन पानांत उघडे पडते. खोटे वकील, खरा माल, सर्वांना ठाऊक असलेले आणि सर्वांनी जपलेले सोंग. आर्मेनियनाच्या वेषातील पोर्तुगीज ब्रदर या सोंगात अगदी सहज सामावून जातो. आमचा असा तर्क आहे की, ही पाने इतकी जिवंत उतरली याचे कारण त्यांचा आधार फाटक्या रोजनिशीतच असावा. कर्जाच्या नोंदी नष्ट करण्यासाठी वही फाडली. आणि उरलेल्या मजकुरातही सर्वाधिक टिकला तो हिशेबच. स्मृती आकडे विसरते. कागद विसरत नाही.

दोष आहेत ते संवादांच्या जागी. यारकंदला एकाने छातीला तलवार लावून पैगंबराचे नाव घेण्यास फर्मावले आणि बेंतो ढळले नाहीत. चालीस, म्हणजे आजचे कराशहर, येथील राज्यकर्त्यापुढे मुल्लांशी त्यांचा वाद झाला आणि राज्यकर्त्याने बेंतोंचा पक्ष उचलून धरला. प्रसंग घडले नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांची मांडणी संतचरित्रांच्या साच्यातून काढलेली आहे: प्रश्न, निर्भय उत्तर, विरोधकांची फजिती. आम्ही सेमिनरीत असताना साधनेच्या दिवसांत भोजनसमयी मौन असे आणि कोणीतरी उभा राहून वाचीत असे. बंधू बेंतोंची कथा आम्ही प्रथम तेथे ऐकली, ती एका धर्मवीराची कथा म्हणून. तीत तलवार होती, हिम होते, मृत्युशय्या होती. यशब नव्हता, ७२ वकील नव्हते, हाजी खानम नव्हती. ‘एका सेवकासह’ असे दोन शब्द होते, तोच इसाक. रिच्चींच्या मजकुरात जो दोष थोडा आहे तो आमच्या त्या पाठात एकवटला होता, आणि जे गुण आहेत ते गाळले गेले होते.

याचा एक परिणाम असा की, मुसलमान म्हणजे या कथेतील खलपुरुष अशी आमची वर्षानुवर्षांची समजूत झाली. रिच्चींची भाषा या समजुतीला काहीशी जबाबदार आहे. ते ‘सारासीन’ हा शब्द ज्या सुरात वापरतात तो सूर आजच्या वाचकास खटकतो. बेंतोंच्या मृत्यूच्या संदर्भात विषप्रयोगाचा संशयही त्यांनी नोंदविला आहे. त्यास पुरावा ते देत नाहीत. दीर्घ उपेक्षा, आजार आणि सोळा महिन्यांची अडवणूक एवढी कारणे मृत्यूस पुरेशी होती. परंतु रिच्ची भाष्य करताना एक सांगतात आणि त्यांनी नोंदविलेल्या घटना दुसरेच सांगतात. बेंतोंना आश्रय, परवाने आणि सोबत दिली ती मुसलमान राज्यकर्त्यांनी आणि व्यापाऱ्यांनीच. चालीसच्या राज्यकर्त्याने तर परवान्यावर ख्रिस्ती म्हणून नाव घालू का, असे विचारून ‘इसाई’ हा शब्द लिहवून दिला. आणि ज्या एका वार्तेसाठी हा सगळा प्रवास मांडला होता, ती वार्ता बेंतोंना दिली कोणी? पेकिंगहून परतणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांनी, याच चालीसमध्ये. परक्यांसाठी असलेल्या पेकिंगच्या सरकारी निवासात ते रिच्चींच्या शेजारी राहिले होते. त्यांच्याजवळ पोर्तुगीज अक्षरे लिहिलेला एक कागदाचा कपटा होता. केरातून उचलून, परत गेल्यावर लोकांना दाखविण्यासाठी त्यांनी तो जपून ठेवला होता.

कल्पना करावी. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या माणसास वाटेत कळते की, रिच्चींचे म्हणणे बरोबर होते. कॅथे म्हणजे चीन. उत्तर समुद्रमार्गाने केव्हाच येऊन पोहोचले होते. रिच्ची येथे बेंतोंच्या आनंदाचे वर्णन करतात. आनंद झाला असेलच, कारण पलीकडे आपली माणसे आहेत हे कळले. परंतु आपला सारा खटाटोप एका पत्रावर अविश्वास ठेवल्यामुळे झाला, हेही त्या क्षणी त्यांना कळले असणार. त्यावर संहिता गप्प आहे. इसाकला विचारता आले असते. रिच्चींनी विचारले नसावे. ते पत्र त्यांचेच होते.

आता या वृत्तान्तातील दोन प्रसंगांकडे वळू. आमच्या मते संपूर्ण कथेचा कणा येथे आहे. ते एकमेकांपासून बरेच अंतर राखून येतात, आणि रिच्चींनी त्यांचा सांधा जोडून दाखविलेला नाही.

पहिला पामीर ओलांडल्यावरचा. चेचेकलीक डोंगरावर सहा दिवस हिमात गेले, काही माणसे थंडीने गोठून मेली, बेंतो जेमतेम वाचले. खाली उतरल्यावर तंगीतार येथे इसाक मोठ्या नदीच्या काठावरून पाण्यात पडला. सुमारे आठ तास तो मेल्यासारखा पडून होता. बेंतोंच्या प्रयत्नाने शेवटी शुद्धीवर आला. दुसरा प्रसंग पूर्वेकडील वाळवंटातला, चिनी भिंत जवळ आली असतानाचा. टोळ्यांच्या भीतीने काफिला रात्री आवाज न करता चालत असे. अशा एका रात्री बेंतो घोड्यावरून पडले. पुढच्यांना पत्ता नाही. सारे मुक्कामाला पोहोचले. बेंतो नाहीत हे इसाकच्या लक्षात आले. तो एकटाच अंधारात मागे फिरला, आणि येशूचे नाव घेणाऱ्या आवाजाचा माग काढीत त्यांच्यापर्यंत पोहोचला. पुन्हा कोणी भेटेल ही आशा बेंतोंनी सोडली होती.

समीक्षकाने येथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे: हे आपल्याला कोण सांगत आहे? पहिल्या प्रसंगाच्या वेळी इसाक बेशुद्ध होता. ते आठ तास त्याने मोजलेले नाहीत. तो आकडा एक तर रोजनिशीच्या कपट्यावर होता, किंवा बेंतोंनी नंतर कधीतरी, चालता चालता, इसाकला सांगितला होता. ‘तू आठ तास पडून होतास’ असा. दुसऱ्या प्रसंगाचा साक्षी मात्र केवळ इसाक. म्हणजे पहिल्या प्रसंगात बेंतोंच्या तोंडची गोष्ट आपण इसाकच्या तोंडून ऐकतो, आणि दुसऱ्यात इसाकच्या पावलांनी मागे चालत जाऊन बेंतोंना शोधतो. दोन माणसांनी एकमेकांना एकेकदा मरणातून उचलले, आणि दोन्ही वेळची कथा सांगावयास एकच उरला. मूळ वृत्तान्तात यावर एका शब्दाचेही भाष्य नाही, हे आमच्या मते फार चांगले झाले. दोन्ही ठिकाणी वाक्ये आखूड आहेत. सांगणाऱ्याची धाप रिच्चींनी पुसलेली नाही.

सुचौचा शेवट वाचकास ठाऊक असेल, म्हणून घाईने सांगतो. १६०५ च्या अखेरीस बेंतो तेथे पोहोचले आणि अडकले. परवानगीवाचून पुढे जाता येईना. त्यांची पहिली पत्रे पोहोचली नाहीत, कारण पत्ता रोमन लिपीत होता आणि चिनी वाटसरूंना तो वाचता येईना. १६०६ च्या ईस्टरला धाडलेले पत्र नोव्हेंबरमध्ये पेकिंगला मिळाले. रिच्चींनी फर्नांडिसला धाडले. मार्चच्या अखेरीस तो पोहोचला तेव्हा बेंतो अंथरुणावर होते. ती पत्रे हाती घेऊन त्यांनी शिमोनाचे गीत म्हटले, आणि अकरा दिवसांनी ते गेले. कित्येक वर्षांत त्यांना मिस्सा मिळाली नव्हती. दफनविधीचे पुस्तक नव्हते, म्हणून इसाक आणि फर्नांडिस यांनी जपमाळ म्हटली. आम्ही आजवर पुष्कळ दफने केली. पुस्तकाशिवाय, याजकाशिवाय, दोन माणसांनी केलेले ते दफन वाचताना आम्हांला आमच्या हातातील पुस्तकाची थोडी लाज वाटली.

त्यानंतरचा भाग मात्र चरित्रकार सहसा गाळतात. काफिल्यातील लोकांनी बेंतोंचा माल हडप केला आणि इसाकला बांधून ठेवून धर्मांतरासाठी धमकावले. फर्नांडिसने दाद मागितली. खटला पाच महिने चालला. दोघांना समान भाषा नव्हती: इसाकची फारसी, फर्नांडिसची चिनी आणि पोर्तुगीज. त्या पाच महिन्यांत फर्नांडिस इसाककडून फारसी शिकला. इसाक मुसलमान आहे असा प्रतिपक्षाचा दावा होता, तेव्हा न्यायासनासमोर फर्नांडिसने अस्तनीतून डुकराच्या मांसाचा तुकडा काढला आणि दोघांनी तेथेच तो खाल्ला. दावा बारगळला. एका धर्मवीराच्या कथेला असा जवळजवळ विनोदी उत्तरार्ध असावा, हे संतचरित्राच्या साच्यात बसत नाही. म्हणूनच तो गळतो, आणि त्याबरोबर इसाक गळतो. दोघांनी पेकिंगला काय नेले? सोनेरी कागदावर रंगविलेला एक क्रूस, काशगर, खोतान आणि चालीस येथील राज्यकर्त्यांचे तीन परवाने, आणि रोजनिशीचे कपटे.

येथे आम्हांस थांबून एक कबुली दिली पाहिजे. इथवर लिहिताना आम्ही बेंतोंना ‘ते’ म्हणत आलो आणि इसाकला ‘तो’. फर्नांडिसलाही ‘तो’च. इटालियनमध्ये, लॅटिनमध्ये, युलच्या इंग्रजीत हा भेद नाही. तेथे दोघांनाही एकच सर्वनाम. हा भेद आम्ही आमच्या भाषेतून, आमच्या सवयीतून आणला, आणि कच्चा खर्डा पुन्हा वाचीपर्यंत तो आमच्या ध्यानातही आला नाही. खर्डा दुरुस्त करण्याऐवजी तो तसाच छापावयास देत आहोत, वाचकांनीही आपली जीभ तपासावी म्हणून. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका आम्ही संपादित केली. आजवरच्या सर्व धर्मगुरूंची छायाचित्रे तीत क्रमवार छापली. चाळीस वर्षे घंटा वाजविणाऱ्या, कबरी खणणाऱ्या माणसाचे नाव राहून गेले. त्यांच्या मुलीने ते आमच्या नजरेस आणले, तेही अंक वाटून झाल्यावर. चूक सर्वस्वी आमचीच होती.

तर, इसाक. पेकिंगहून ते मकावला गेले, तेथून जहाजाने हिंदुस्थानाकडे निघाले. सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ते लुटारूंच्या हाती सापडले. होते नव्हते ते गेले, गुलामीत पडले. मलाक्काच्या पोर्तुगिजांनी त्यांना सोडविले. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर कळले की लाहोरला पत्नी वारली आहे. मग ते मोगल मुलखाकडे गेलेच नाहीत. ते चौलला राहिले. रिच्ची लिहितात त्या वेळी ते तेथेच, हयात होते. इसाक यांच्याविषयीचे हे शेवटचे वाक्य.

आपले चौल! रेवदंड्याच्या कोटातील, कुंडलिकेच्या मुखाजवळचे. मुलांविषयी संहिता काही सांगत नाही, आणि हे वाक्य आम्हांस सर्वांत अधिक सलते. लाहोरहून पायी निघून पामीर, तकलामकानचा काठ, चिनी भिंत, पेकिंग, मग समुद्रमार्गे मकाव, मलाक्का असा आशियाभोवतीचा फेरा ज्यांनी जिवंतपणी जवळजवळ पुरा केला, ते या कथेत एकटे इसाक होत. बेंतोंची वाट अर्ध्यावर संपली, रिच्ची चीनबाहेर आले नाहीत. जिला सायकलस्वारांच्या पुस्तकात आपण प्रदक्षिणा म्हणू, ती येथे चाकराच्या नावावर आहे. आणि तो माणूस अलिबागपासून हाकेच्या अंतरावर राहिला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रेवदंड्यास जाऊन आलो. कोटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाड्यांमधून पडक्या चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोरा उभा आहे. पंधराव्या शतकात या बंदरात उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन प्रवाशाचे स्मारक गावात आहे, आणि ते असणे योग्यच आहे. निकितिन यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. इसाक यांचा मागमूस सापडण्याची अपेक्षा आम्ही केली नव्हती. खाडीपलीकडे कोर्लईला, जेथे आपले बांधव अजून पोर्तुगीजपासून झालेली आपली बोली बोलतात, तेथेही विचारले; ते नाव कोणी ऐकलेले नव्हते.

ही प्रकरणे मराठीत आणावीत अशी आमची संपादकांस सूचना आहे. त्रैमासिकाच्या दोन अंकांत ती सहज मावतील. अनुवादकाने त्रिगोंचे लॅटिन किंवा युलचे इंग्रजी न घेता रिच्चींची इटालियन संहिता समोर ठेवावी; फादर वेसेल्स यांच्या १९२४ च्या ग्रंथातील तारखांच्या दुरुस्त्या तळटीपांत द्याव्यात; ‘ब्रांदा अबेदुला’ छापू नये, बंदा अब्दुल्ला छापावे. यशबाचा आणि ७२ वकिलांचा मजकूर कंटाळवाणा म्हणून कापू नये. आणि सर्वनामांचा निर्णय पहिल्या पानावरच घ्यावा: बेंतो ‘ते’ असतील तर इसाकही ‘ते’, फर्नांडिसही ‘ते’. चौलच्या वाक्यास एक टीप लागेल. ती लिहिण्याची आमची तयारी आहे.